टोमॅटोचं रोप आणि सुतळीचा आठ

खिडकीत वाढवलेली टोमॅटोची रोपं बहुधा किडकिडीत होतात. वीतभर उंच, पण खोड दोऱ्यासारखं. ऊन कमी पडलं की रोप उजेडाच्या शोधात नुसतं उंच जातं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. दुसरं कारण सहसा लक्षात येत नाही: घरात वारा नसतो.

रोपाला स्पर्श कळतो. वाऱ्याने खोड वाकलं की पेशींवर ताण येतो, पेशींतलं कॅल्शियम काही क्षणांत वाढतं आणि तो इशारा मिळून रोप उंची आवरतं घेतं, खोड जाड करतं. मार्क जाफी या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७३मध्ये या प्रकाराला ‘थिग्मोमॉर्फोजेनेसिस’ असं जिभेची परीक्षा पाहणारं नाव दिलं. पुढची गंमत १९९०ची. जॅनेट ब्राम आणि रोनाल्ड डेव्हिस रोपांवर संप्रेरक फवारून कुठली जनुकं जागी होतात ते पाहत होते. तुलनेसाठी काही रोपांवर साधं पाणी मारलं, तर तिथेही तीच जनुकं जागी झालेली! काम संप्रेरकाचं नव्हतंच, फवाऱ्याच्या धक्क्याचं होतं.

म्हणून रोपं ट्रेमध्ये असतानाच दिवसातून एकदा शेंड्यांवरून तळहात हलकेच फिरवावा. पानं ओली असताना मात्र नको, रोग पसरतो.

चार-पाच खरी पानं (बीतून निघणारी पहिली दोन सोडून) आली की रोप कुंडीत हलवायचं. त्याआधी आठवडाभर बाल्कनीत सवय लावावी, पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग हळूहळू उन्हात. घरातल्या पानांवरचा मेणचट थर पातळ असतो. एकदम दुपारच्या उन्हात ठेवलं तर पानं पांढरी पडून करपतात. लावणी संध्याकाळी करावी. पाणी शोषतात ती मुळांवरची केसांसारखी बारीक लव, आणि माती सुटली की आधी तीच तुटते. नवी लव फुटेपर्यंत पानांतून पाणी जितकं कमी उडेल तितकं बरं. वांगी-मिरची ट्रेमध्ये होती तेवढ्याच खोलीवर लावावी. टोमॅटोची गोष्ट वेगळी: त्याच्या मातीत गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात, त्यामुळे खालची पानं काढून किडकिडीत रोप अर्ध्यापर्यंत खुशाल पुरावं. काकडी-दोडक्याला मुळांना हात लावलेला खपत नाही, त्यांचं बी थेट कुंडीतच टोचावं.

काठी लावणीच्या वेळीच रोवावी. गेल्या वर्षी मी महिनाभराने रोवली. आत काहीतरी कट् करून तुटल्याचं हाताला जाणवलं आणि दुपारपर्यंत झाडाने मान टाकली. त्याआधीच्या वर्षीची चूक उलटी होती. काळजीपोटी रोप काठीला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत आवळून बांधलं. ते हललंच नाही, तर खोड भरणार कसं? काठी सोडली आणि झाड आडवं.

आता सुतळी, नाहीतर जुन्या सुती साडीची चिंधी घेते. तिचा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फास करायचा, एका वेटोळ्यात काठी, दुसऱ्यात खोड, मध्ये फुली. त्यामुळे खोड काठीवर घासत नाही. खोडाभोवती बोट जाईल एवढी जागा ठेवायची, आणि पहिली गाठ खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, म्हणजे वरचा शेंडा वाऱ्यावर डुलत राहतो. फळं धरू लागली की वर आणखी गाठी लागतात. तेव्हा जुन्या गाठीही पाहाव्या, खोड जाडलेलं असतं आणि सुतळी सालीत रुतायला लागलेली असते.