मत वाया जात नाही, तरी मतदार येतोच असे नाही

सुमारे तीनशे वर्षांच्या खंडानंतर १९९९ मध्ये स्कॉटलंडची संसद एडिंबरा येथे पुन्हा भरली, तेव्हा तिच्या निवडणुकीसाठी लंडनच्या संसदेपेक्षा वेगळी पद्धत मुद्दाम स्वीकारण्यात आली. प्रत्येक मतदार येथे दोन मते देतो, एक मतदारसंघातील उमेदवाराला आणि दुसरे विभागीय यादीसाठी पक्षाला. एकूण १२९ सदस्यांपैकी ७३ मतदारसंघांतून येतात, तर उरलेले ५६ आठ विभागांतून, प्रत्येकी सात, पक्षांच्या याद्यांमधून निवडले जातात.

यादीतील जागा वाटण्याचे गणित मोठे रंजक आहे. पक्षाला विभागात मिळालेल्या मतांना त्याने तेथे आधीच जिंकलेल्या जागांपेक्षा एकाने मोठ्या संख्येने भागतात आणि ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, त्याला पुढची जागा मिळते. सहा मतदारसंघ जिंकलेल्या पक्षाची मते सातने भागली जातात. एकही न जिंकलेल्याची मते मात्र जशीच्या तशी राहतात. म्हणूनच २०२१ मध्ये ६२ मतदारसंघ जिंकणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीला यादीची सुमारे चाळीस टक्के मते मिळूनही तेथून केवळ दोन जागा मिळाल्या, तर सुमारे आठ टक्के मतांच्या ग्रीन पक्षाने आठ जागा मिळवल्या.

लहान पक्षाला दिलेले मतही फुकट जात नाही म्हटल्यावर लोक उत्साहाने मतदानाला येतील, असे कोणालाही वाटेल. घडले वेगळेच. २००३ मध्ये ग्रीन आणि समाजवादी पक्षांचे मिळून तेरा सदस्य निवडून आले, पण त्याच निवडणुकीत निम्म्याहून कमी मतदारांनी मतदान केले. २००७ मध्ये दोन्ही मते एकाच मतपत्रिकेवर छापल्याने गोंधळ होऊन एक लाखाहून अधिक मतपत्रिका बाद झाल्या, ही चूक तर शुद्ध मांडणीची होती.

राइफ आणि श्मिट या अभ्यासकांनी १९८० मध्ये युरोपीय संसदेच्या निवडणुकीवरून ‘दुय्यम निवडणूक’ ही कल्पना मांडली: जेथे पणाला फारसे काही लागलेले नाही असे मतदाराला वाटते, तेथे तो घरी बसतो किंवा सत्ताधाऱ्यांना चिमटा काढतो. प्रादेशिक निवडणुकांनाही ती पुढे लावली गेली, पण ती सर्वत्र लागू पडत नाही. महाराष्ट्रात २०२४ मध्ये लोकसभेसाठी सुमारे ६१ टक्के, तर विधानसभेसाठी सुमारे ६६ टक्के मतदान झाले. स्कॉटलंडमध्येही २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात ८४.६ टक्के लोक मतदानाला आले. त्यानंतर संसदेला आयकराचे दर ठरवण्याचे अधिकार मिळाले, आणि २०२१ मध्ये मतदान ६३ टक्क्यांवर गेले. माझ्या मते यात जागावाटपाच्या सूत्रापेक्षा ‘आपल्या मताने काही ठरते’ या जाणिवेचा वाटा मोठा असावा.

सोळा वर्षांच्या मुलांना मतदानाचा अधिकार प्रथम त्या सार्वमतापुरता आणि २०१६ पासून संसदेच्या निवडणुकीसाठीही मिळाला. ग्लासगोत शिकणारा सोळा वर्षांचा मराठी मुलगा भारतीय नागरिक असला, तरी कायदेशीर वास्तव्य आणि मतदार नोंदणी असल्यास तेथे मत देऊ शकतो. घरी महाराष्ट्रात मात्र त्याला अठरा पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते.