नवार, वेब आणि बक्कल: फौजी पट्ट्याची पार्श्वभूमी

२६ जानेवारीच्या आधी नागपुरातल्या एनसीसीच्या मुलांच्या घरात ब्रासोचा वास भरलेला असतो. कस्तुरचंद पार्कवरच्या संचलनात उभं राहायचं तर बक्कल चमकलंच पाहिजे. पण ते घासताना ब्रासोचा काळा ओघळ एकदा पट्ट्याच्या कापडावर उतरला की तो डाग जन्मात निघत नाही. म्हणून जुनी मुलं पितळेच्या मागे पोस्टकार्ड सरकवतात आणि मगच चिंधी फिरवतात. या पट्ट्याला सगळे ‘वेब बेल्ट’ म्हणतात, आणि तो पँट सावरायला नसतो. पँटीचा पट्टा आत वेगळा. मुळात वेब बेल्ट होता वजन पेलायला, आणि त्याची घडण, बक्कलसुद्धा, तिथूनच ठरली.

फार मागे जायचं कारण नाही. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर कंपनीचे जे शिपाई लढले, त्या काळच्या शिपायांच्या छातीवर पांढऱ्या चामडी पट्ट्यांची फुली असे. एका पट्ट्याला संगीन, दुसऱ्याला काडतुसांची पेटी, आणि फुलीवर पितळी तबकडी. चामडं पांढरं ठेवायला पांढरी माती फासायची. उपयोगापेक्षा रुबाब जास्त. पुढे फुली गेली आणि सगळं कमरेवर आलं, तरी चामडं सुटलं नाही.

ते सुटलं काडतुसामुळे. १८६० नंतर धातूची काडतुसं आली. ती चामडी घरांत खोचून ठेवली की कातडं कमावताना वापरलेल्या द्रव्यांमुळे त्यांच्यावर हिरवा कळंक चढे आणि काडतूस बंदुकीच्या नळीत अडकून बसे. लढाईत असं झालं तर शिपाई गेलाच. अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर नोकरी केलेल्या एका अधिकाऱ्याने आधी पट्ट्यालाच काडतुसांची घरं लावली, मग ती घरं कापडाची केली, आणि शेवटी शिवण टाळून पट्टा आणि घरं मागावर एकसंध विणून काढली. वेब बेल्टचा खरा जन्म हा. ब्रिटिशांना तो पटायला दक्षिण आफ्रिकेतलं बोअर युद्ध (१८९९ ते १९०२) व्हावं लागलं. तिथे चामडं भिजलं, वाळलं, तडकलं. त्यावर १९०३ मध्ये त्यांनी काढलेला उपाय म्हणजे पुन्हा चामड्याचाच आडवा काडतूसपट्टा! कापडाला मान्यता मिळाली ती १९०८ मध्ये.

आता शब्दाचा गुंता. ‘वेबिंग’ला, म्हणजे या पट्ट्याच्या विणलेल्या कापडाला, आपल्याकडे सरळ नवार म्हणून मोकळे होतात. मीही म्हणायचो. जुन्या बाजारातून घेतलेला एक ३७ पॅटर्नचा, म्हणजे ब्रिटिश फौजेच्या १९३७ च्या नमुन्याचा, पट्टा मी मापाचा तुकडा जोडून मिळेल का म्हणून इतवारीतल्या एका नवारवाल्याकडे नेला. त्याने पट्टा डोळ्यांनी पाहिलाच नाही, चिमटीत धरला, काठ दुमडला आणि परत दिला. “ही नवार नाही जी. नवार अशी ताठ राहते का कुठं?”

तो बरोबर होता. पलंगाची नवार म्हणजे रुंद, जाड, एकेरी पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच रुंदीची. तिचं काम ताणलं जाण्याचं, आणि सैल पडली की आपण ती पुन्हा ओढून घेतो. फौजी वेबिंग मागावर एकावर एक दोन थरांत विणलं जातं आणि बांधणीच्या धाग्यांनी ते थर एकमेकांत गुंतवले जातात. जिथे ते मुद्दाम गुंतवले नाहीत तिथे आपोआप खिसा तयार होतो. शिवण नाही, म्हणून उसवायचा प्रश्न नाही. शिवाय विणता विणता उभे धागे कमी करत नेले की पट्टी मागावरच अरुंद होते. ३७ पॅटर्नचे खांद्यावरचे पट्टे पाहा: खांद्यावर दोन इंच रुंद, टोकांकडे एक इंच. कात्री कुठेच लागलेली नसते. आमच्या कोष्ट्यांच्या मागावर वाढलेल्या माणसाला यातलं कसब सांगावं लागत नाही. त्यामुळे वेबिंगला नवार म्हणणं हे पैठणीला टॉवेल म्हणण्यासारखं आहे. तरीही भांडारातल्या यादीपासून दुकानातल्या पावतीपर्यंत दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी फिरत राहतात, आणि ‘वेब बेल्ट’ म्हणून साधी जाड नवार गळ्यात पडते.

बक्कल कसं असावं हेही याच विणीने ठरवलं. चामड्याला भोक पाडता येतं, म्हणून तिथे काटा चालतो. कापडाला भोक पाडलं की ते फाटतं. मग पट्टा लहानमोठा करायचा कसा? १९०८ चा पट्टा तीन इंच रुंद होता, ३७ चा सव्वादोन. ३७ चा हातात घेतला की युक्ती दिसते. समोर पितळेचे दोन भाग असतात, एक दुसऱ्यात अडकतो, आणि या जोडाचा मापाशी काहीही संबंध नसतो. माप आतल्या बाजूला. पट्ट्याची दोन्ही टोकं बक्कलमधून मागे वळवलेली, प्रत्येक टोकाला पितळी आकडे, आणि ते आकडे आतल्या अंगाला विणीतच सोडलेल्या घरांत बसतात. एकदा कमरेचं माप बसवलं की रोज फक्त समोरचा जोड लावायचा आणि काढायचा. बक्कलच्या दोन्ही बाजूंना सरकणाऱ्या दोन पितळी कड्या असतात, त्या दुमडलेलं कापड धरून ठेवतात. पाठीमागे तिरकी बसवलेली दोन लहान बक्कलं, खांद्यावरचे पट्टे तिथे जोडायला. खरा भार या मागच्या दोघांवर. समोरचं नुसतं मिरवतं, आणि ब्रासो त्यालाच.

माझ्या पट्ट्याचं मी जे केलं ते कोणी करू नये. गरम पाण्यात धुतला. सुती वेबिंग आटलं, आकड्यांची घरं इतकी आवळली की आकडे आज पक्कड लावूनही निघत नाहीत.

१९०८ च्या संचाचं महत्त्व केवळ कापडात नव्हतं. पट्टा, दोन्ही बाजूंना मिळून दीडशे काडतुसांचे दहा खिसे, पिशव्या, पाण्याची बाटली, सगळं एकमेकांत जोडलेलं असे आणि कोटासारखं एकदम चढवता-उतरवता येई. वजन पुढेमागे तोललेलं असल्याने चालताना पट्टा उघडा सोडला तरी संच अंगावर राहत असे. आणि नेमकं महायुद्ध लागल्यावर, १९१४ मध्ये, चामडं परत आलं. रेखाटन बहुतांशी १९०८ चं, पट्ट्याला मात्र पूर्वीचं सापाच्या आकाराचं बक्कल. याला कोणी अधोगती म्हणतात, कोणी नाइलाज. माग मोजके, ते चालवणारी मंडळी मोजकी, आणि लाखो माणसांची भरती एकदम. उलट खोगीर आणि चामडी सामान बनवणारे कारखाने हाताशी होते. त्या घडीचा निर्णय मला चूक वाटत नाही. चूक आधीची होती: सगळ्या फौजेचा संच एकाच विणकामावर टांगून ठेवला आणि ते विणकाम दुसरीकडे कुठे रुजवलंच नाही. दरम्यान सप्टेंबर १९१४ मध्ये फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरलेल्या भारतीय पलटणींच्या अंगावर १९०३ चंच चामडं होतं. सुधारणा आधी विलायतेत, आपल्याकडे शिळी झाल्यावर.

दुसऱ्या महायुद्धात मात्र ३७ पॅटर्न भारतातही बनला, आणि फाळणीनंतर दोन्हीकडच्या फौजांत, पोलिसांत, एनसीसीत तोच झिरपला. युद्धकाळातला देशी माल विलायतीशेजारी ठेवला तर हाताला सैल लागतो, आणि एकसंध विणण्याऐवजी तुकडे जोडून शिवलेला दिसतो. नावं ठेवणं सोपं आहे, पण बर्मा आघाडीवरच्या जंगलात विलायती कापडही भिजून जड झालं आणि कुजलं. त्यातून हलका, पाणी कमी पिणारा १९४४ चा संच निघाला, तोवर युद्ध सरत आलं होतं.

मराठीत बक्कल हा शब्द मात्र पट्टा सोडून कधीच निघून गेला आहे. शिपायाचा नंबर पट्ट्याच्या पितळेवर असे, म्हणून तो ‘बक्कल नंबर’. आज नंबर कुठेही असो, फिर्यादीत ‘ब.नं.’च लिहितात. कचेरीतला पट्टेवालाही त्याच कुळातला: पट्टा आणि पितळी बिल्ला असलेला तो पट्टेवाला. अधिकार कमरेला बांधलेला असायचा. आमच्या शाळेच्या इलॅस्टिकच्या रंगीत पट्ट्याचं मूळ तर घोड्याच्या तंगात, म्हणजे पोटाखालून आवळायच्या पट्ट्यात, आहे. पागेत काम करताना घोडेस्वार तसा पट्टा कमरेला बांधत, पुढे त्यात पलटणींचे रंग आले आणि तिथून तो शाळांनी उचलला.

पुढचं सगळं नायलॉनचं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकनांनी सुती वेबिंग सोडायला सुरुवात केली, कारण नायलॉन कुजत नाही आणि लवकर वाळतं. १९७० च्या दशकात पितळ-पोलादाच्या जागी प्लास्टिक आलं, आणि त्याच दशकात दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबून सुटणारं बक्कल, जे आज पोरांच्या दप्तरावर आहे. १९९० नंतर वजन कमरेवरून अंगरख्यावर गेलं: एक इंची पट्ट्यांच्या आडव्या रांगा, दर दीड इंचावर टाका, आणि त्यांत हवी ती पिशवी ओवायची. आकडा नाही, काटा नाही, पुन्हा सगळी भिस्त पट्टीवरच.

कमरेचा पितळी पट्टा संचलनापुरता उरला. त्याचंही बक्कल आता बाजारात बऱ्याचदा सोनेरी मुलाम्याचं मिळतं, न घासता चमकणारं. त्याला ब्रासो लावला तर मुलामा उडून खालचा पांढरा पत्रा दिसतो, आणि दर जानेवारीत कोणीतरी लावतोच.