बैलाच्या दमाने आखलेले घाट

सह्याद्रीतले जुने घाटरस्ते सायकलसाठी कुणी बांधले नाहीत. ते झाले तोफांसाठी, कापसाच्या गाड्यांसाठी, टपालासाठी आणि महाबळेश्वरला उन्हाळा काढायला जाणाऱ्या साहेबांसाठी. तरी आज रविवारी पहाटे खोपोलीला, वाईला किंवा पोलादपूरला नाक्यावर उभे राहिलात, तर एकामागून एक सायकलवाले चढाला लागलेले दिसतील. त्यांतले बरेच जण कुठेही न उतरता माथा गाठतात. याचे श्रेय त्यांच्या पायांना आहेच, पण थोडे त्या रस्त्यांच्या आखणीलाही आहे. ती आखणी गाडी ओढणाऱ्या बैलाच्या ताकदीवर बेतलेली होती.

त्याआधीच्या वाटा वेगळ्याच होत्या. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे आणि माथ्यावर दगडी रांजण आहे. तो जकातीसाठी होता असे सांगतात. कोकणातले मीठ आणि मासळी वर जायची, घाटावरचे धान्य आणि गूळ खाली उतरायचा. ही सगळी ने-आण माणसांच्या डोक्यावरून नाहीतर लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. पाठीवर ओझे घेतलेला बैल दगडी पायऱ्याही चढतो, त्यामुळे या घाटवाटा कातळातून जवळजवळ सरळ वर चढतात. त्याच बैलाला गाडी जोडली की मात्र सगळे गणित बदलते. चाकाला वळणे लागतात.

बोरघाटात हा बदल नीट दिसतो. १८०४ च्या सुमारास इंग्रज सेनापती वेलस्लीने तिथून तोफा नेता येतील अशी वाट करून घेतली. खरा गाडीरस्ता मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने नोव्हेंबर १८३० मध्ये खुला केला. त्या काळी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने पनवेलला उतरे आणि तिथून खोपोलीला येई. खोपोलीला नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ आजही आहे. आगगाडी १८६३ मध्ये घाट चढली. तिला तर बैलाइतकाही चढ झेपत नव्हता. सुमारे २५ किलोमीटरमध्ये ५५८ मीटर उंची गाठताना रुळांचा जास्तीत जास्त चढ ३७ फुटांना एक फूट ठेवावा लागला. वाटेत गाडीची दिशा उलटवायला एक स्थानकही बांधावे लागले. १८६१ मध्ये या कामावर ४२ हजार मजूर राबत होते.

घाटाची वाट साहेबांना दाखवली ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने, आणि काम झाल्यावर त्याचा जीव घेतला गेला, अशी तिथली आख्यायिका आहे. त्याचे देऊळ जुन्या रस्त्याला लागूनच आहे. ट्रकवाले जाता जाता नाणे टाकतात, आणि सायकलवाल्यांच्या दृष्टीने ऐन चढावर दम खायला यासारखी दुसरी जागा नाही. वाट शोधणाऱ्याची एवढी तरी आठवण त्या रस्त्यावर आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

बैलगाडीच्या घाटाला वीस फुटांना एक फूट हा चढ बेताचा मानला जाई. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत डोंगराळ भागातल्या रस्त्यांसाठी आजही पाच टक्के हाच सर्वसाधारण चढ धरतात, म्हणजे तेच विसाला एक. त्यात आणखी एक नियम आहे आणि तो सायकलवाल्याला पाठ नसला तरी पायांना कळतो: तीव्र वळणावर चढ थोडा कमी करायचा. वळताना ओढण्याची ताकद कमी पडते, म्हणून ही सवलत. घाट चढताना वळणाच्या बाहेरच्या अंगाने गेले की पायडल एकदम हलके लागते, ते याचमुळे आणि बाहेरची वाट लांब पडते म्हणून. आतल्या अंगाने कापले तर तेच वळण छातीवर येते.

पसरणी घाट घ्या. वाई सुमारे ७२० मीटरवर, पाचगणी १,२९० च्या आसपास, मध्ये बारा किलोमीटरचा रस्ता. जवळपास विसाला एकच. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट याहून लांब आहे. सरकारी कागदांत तो गव्हर्नर फिट्झजेराल्डच्या नावाने ओळखला जाई. जेमतेम चाळीस किलोमीटरमध्ये तेराशे मीटरच्या आसपास उंची, पण चढ असा सलग आणि समजूतदार की एकदा लय सापडली की ती सहसा मोडत नाही.

आता या रस्त्यांवर जुनी काळी सायकल घालून बघा. घोडासायकल म्हणून जिची ओळख होती ती वीस-बावीस किलोची, पुढे ४४ दाते, मागे १८, गियर एकच. अठ्ठावीस इंची चाकावर पायडलच्या एका फेरीत ती साडेपाच मीटरच्या जवळपास पुढे जाते. पसरणी घाटात ताशी दहा किलोमीटरने चढायचे म्हटले तर मिनिटाला जेमतेम एकतीस फेऱ्या पडतात. प्रत्येक फेरीला सीटवरून उठून सगळे वजन टाचेखाली द्यायचे, आणि हे सव्वा तास. आजच्या सायकलवर पुढे ३४ आणि मागे ३२ दाते लावले की त्याच वेगाला पंच्याहत्तर फेऱ्या होतात, बसून, श्वास सांभाळून. दोन्हीत घाट तोच, उंची तीच. उतरताना तर काळ्या सायकलीची परीक्षाच असे. रॉडचे ब्रेक, लोखंडी रिम, आणि रिम ओली झाली की ब्रेक धरतच नाहीत. पावसाळ्यात लोक उतारावरही सायकल हातात धरून चालत, त्यात भित्रेपणा काही नव्हता.

अशा काळात मुंबई-पुणे सायकल शर्यत नावारूपाला आली. बोरघाटाचा माथा जो पहिला गाठेल त्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळे. टूर द फ्रान्समध्येही डोंगरी चढांसाठी १९३३ पासून वेगळे बक्षीस आहे. मला आपल्याकडचा किताब जास्त जवळचा वाटतो, कारण तो एकाच घाटाशी बांधलेला आहे. ही शर्यत पुढे कधी भरली, कधी खंडित झाली.

सायकल मागे पडली ती घाटात नव्हे, शहरात. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून देशभर ओळखले जाई. कारखान्याचा भोंगा झाला की रस्ताभर सायकलीच सायकली. मग आकुर्डीची बजाज स्कूटर आली, १९७२ मध्ये लुना आली, आणि सायकल ही ज्याला परवडत नाही त्याची वस्तू ठरली. कामावर नेणारी सायकलच घरातून गेल्यावर घाटात कोण जाणार?

२००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला. त्यावर सायकलला आणि दुचाकीला बंदी. अनेकांना हा अन्याय वाटला, पण मोटारींचा मोठा लोंढा तिकडे वळल्याने जुन्या रस्त्याचा बराच भाग पहाटेच्या वेळी मोकळा झाला. अपवाद खंडाळ्याजवळचा. तिथे दोन्ही रस्ते काही अंतर एकत्र येतात, आणि तेवढा पट्टा सायकलवाला जीव मुठीत धरून पार करतो. याच टापूत १८३० चा अमृतांजन पूल होता. तो एप्रिल २०२० मध्ये पाडला.

त्याच दशकात बहुगियरी, हलक्या सायकली दुकानांत दिसू लागल्या, आणि पुढच्या दशकात ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या रुजल्या. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे किलोमीटर वीस तासांत, सहाशे किलोमीटर चाळीस तासांत. ही शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, वेळेत पोहोचायचे इतकेच. पुण्या-मुंबईहून दोनशे-तीनशे किलोमीटरचा मार्ग आखायचा म्हटला की घाट टाळणे अवघडच, त्यामुळे इथला ब्रेव्हेवाला आपोआप घाटवाला होतो. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू अमेरिका आरपार ओलांडणारी ‘रॅम’ ही शर्यत दोघांच्या संघात पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. २०१७ मध्ये नाशिकला नेमणुकीवर असलेले लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली.

खोऱ्यातल्या रस्त्यांचाही इतिहास आहे आणि तो घाटांहून कडू आहे. पौडमार्गे ताम्हिणीला जाताना उजवीकडे मुळशीचे पाणी लागते. पुण्याच्या सायकलवाल्यांचा हा लाडका रस्ता. या पाण्याखाली मावळातली गावे आणि भातखाचरे आहेत. टाटांच्या वीजप्रकल्पाच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह झाला. धरण झालेच. पाणी भिऱ्याच्या वीजघराकडे कोकणात उतरते आणि वीज मुंबईला जाते. जलाशयाकाठी चहाला थांबलेल्या प्रत्येकाला हे माहीत असावे असे मला मनापासून वाटते.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यातून पुणे ग्रँड टूर झाली. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या २.२ दर्जाची, ४३७ किलोमीटरची, अनेक टप्प्यांची ही शर्यत. तिच्यासाठी जिल्ह्यातले रस्ते नव्याने डांबरले गेले. आता ते टिकवायचे तर दोन गोष्टी आधी हव्यात: डोंगराच्या बाजूचे गटार दर पावसाळ्याआधी मोकळे करणे, म्हणजे पाणी आणि माती रस्त्यावर येणार नाही, आणि चढणाऱ्या बाजूला हातभर रुंद बाजूपट्टी. ताशी आठ किलोमीटरने चढणाऱ्याला मागून येणाऱ्या एसटीसाठी बाजूला व्हायला तेवढी जागा पुरते.