व्हिसेराच्या बरणीपासून रहस्यकथेपर्यंत

बरणी आली की ती कुणी लगेच उघडत नाही. आधी लाखेवरची मोहोर बघायची, सोबतच्या कागदावरच्या नमुन्याशी ती जुळते का ते पाहायचं, मग लेबलवरचा गुन्हा नंबर पोलीस ठाण्याच्या पत्राशी ताडायचा. त्यानंतरच झाकणाला हात. आत व्हिसेरा, म्हणजे शवविच्छेदनात काढलेले अवयव: मिठाच्या संपृक्त द्रावणात जठराचा, यकृताचा तुकडा. मराठवाड्यातल्या एका फॉरेन्सिक प्रयोगशाळेत मी २२ वर्षं हे काम केलं आणि आता रहस्यकथा लिहिते. परभणीला माहेरी गेलं की कुणी ना कुणी विचारतंच, ‘केमिस्ट्रीतली तू, हे गोष्टींचं खूळ कुठून आलं?’ हे खूळ माझ्यापेक्षा पुष्कळ जुनं आहे.

विषाचं शास्त्र आणि रहस्यकथा यांची वाढ एकाच शतकातली. १८३६ साली जेम्स मार्शने सोमल, म्हणजे आर्सेनिक, ओळखायची चाचणी प्रसिद्ध केली. १८५० मध्ये बेल्जियमच्या स्टास यांनी खून झालेल्या माणसाच्या अवयवांतून निकोटिन वेगळं काढून दाखवलं. वनस्पतीचं विष एकदा पोटात गेलं की ते सापडत नाही, हा खुन्याचा भरवसा तिथे मोडला. त्यांची पद्धत सुधारित रूपात आम्हीही शिकलो. आपल्याकडे सरकारी केमिकल एक्झामिनरची, म्हणजे असं विष तपासणाऱ्या अधिकाऱ्याची, पहिली प्रयोगशाळा १८४९ साली मद्रासला निघाली.

गोष्टींकडे वळणारी माणसंही याच टेबलांवरून उठून आली. कॉनन डॉयल डॉक्टर होते, आणि १८८७ साली त्यांचा होम्स वाचकांना पहिल्यांदा भेटतो तो रक्त ओळखायच्या नव्या चाचणीत रमलेला. पण मला जवळची वाटते ती अगाथा ख्रिस्ती. पहिल्या महायुद्धात ती इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या रुग्णालयात औषधं बनवायचं काम करत होती आणि १९१७ मध्ये त्याची परीक्षाही पास झाली. १९२० साली आलेल्या तिच्या पहिल्या कादंबरीत विष बाहेरून आणलेलंच नाही. ज्यांचा खून होतो त्या बाईंच्या रोजच्या टॉनिकमध्ये थोडं स्ट्रिक्नीन, म्हणजे आपल्या कुचल्यातलं विष, आधीपासूनच असतं. खुनी त्यात ब्रोमाइडची पूड टाकतो. स्ट्रिक्नीन साक्याच्या रूपात बाटलीच्या तळाशी बसतं आणि शेवटच्या डोसात सगळं एकदम पोटात जातं. ज्या हातांनी रोज बाटल्या भरल्या, त्यांनाच हे सुचू शकतं. तो भाग वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते.

मराठीत मात्र या दोन वाटा लांबच राहिल्या. बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक या रहस्यकथाकारांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली. भाड्याने पुस्तकं देणारी वाचनालयं त्यांच्यावर चालली आणि माझ्यासारख्या मुली त्यांच्यावर वाढल्या. शास्त्रज्ञ लिहायला आले ते विज्ञानकथेच्या दारातून. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली, ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दाराने मराठीत मोठं काम झालं. पण पुष्कळांची नजर आभाळाकडे आणि उद्याकडे राहिली. आमच्या टेबलावरच्या बरणीकडे फार थोड्यांनी पाहिलं, असं मला वाटतं.

मराठवाड्यात तर अंतर आणखी मोठं. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथे रसायनशास्त्रही उर्दूत शिकवत. माझे आजोबा ॲसिडला शेवटपर्यंत तेजाबच म्हणायचे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली, २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं, आणि तोवर विज्ञान इंग्रजीत गेलेलं होतं. घरात मराठी, आजोबांचं शास्त्र उर्दूत, माझं इंग्रजीत. जे दिवसभर करते ते आईला मराठीत सांगायची सोय नव्हती. माझ्या लिहिण्याची सुरुवात या अडचणीत आहे.

दुसरं कारण शब्दाचंच. आमच्याकडे फवारणीच्या विषाला ‘औषध’ म्हणतात. ‘त्यानं औषध घेतलं’ एवढं गावात कुणी बोललं की ऐकणाऱ्याला कळतं आणि पुढे कुणी काही विचारत नाही. बरणी उघडली की बऱ्याचदा लसणासारखा वास यायचा, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फरस. अहवालात तेवढंच जायचं: अमुक कीटकनाशक आढळले. ते स्वतः घेतलं की कुणी पाजलं, हे रसायन सांगत नाही. केसचं पुढे काय झालं तेही आम्हाला कधी कळलं नाही. कागद नंबरावर यायचा, नंबरावर जायचा. एका लेबलवर वय १९ होतं. त्या मुलीचं नाव मी इथे लिहिणार नाही, पण ते मी विसरलेही नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. पुढच्या पिढीला टेबलापलीकडचं घरही दिसेल, चूल दिसेल, माणसं दिसतील. त्यांच्यातून लिहिणारे निघावेत, असं फार वाटतं.

माझी पहिली कथा मोहोरेवरच होती. लाख शाबूत, नंबर बरोबर, फक्त मोहोरेतलं एक अक्षर नमुन्याशी जुळत नाही. प्रयोगशाळेत असते तर तशी नोंद करून मी मोकळी झाले असते. कथेत ती बरणी कुणी बदलली ते शोधायला मला १४० पानं लागली.