एपिडर्मॉइड सिस्टमुळे होणारी चेहऱ्याची कळ

मस्तिष्कस्तंभ (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा भाग) आणि लहान मेंदू यांच्या बेचक्यात जन्मापासून असलेली, कर्करोगाची नसलेली गाठ, म्हणजे एपिडर्मॉइड सिस्ट, ट्रायजेमिनल नसेवर दाबली गेल्याने चेहऱ्यात उठणारी तीव्र कळ. ही मेंदूतून निघणारी पाचवी नस कपाळ, गाल आणि जबडा यांच्या संवेदना वाहून नेते. चेहरा हलवणारी नस वेगळी, सातवी. म्हणून या दुखण्यात सहसा तोंड वाकडे होत नाही.

गर्भाच्या तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात मज्जानलिका (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नळी) मिटताना त्वचेच्या काही पेशी आत अडकतात. पुढेही त्या त्वचेसारख्याच वागतात, कोंडा टाकत राहतात. पण तो झडायला वाट नसते. थरावर थर साचून मोत्यासारखी पांढरी, मेणचट गाठ होते. फ्रेंच विकृतिशास्त्रज्ञ क्रूव्हेल्ये यांनी १८२९ मध्ये तिला मोत्याचीच उपमा दिली. कवटीतील गाठींमध्ये तिचे प्रमाण जेमतेम १ टक्का. ती नसा-रक्तवाहिन्यांच्या फटींतून हळूहळू पसरते, त्यामुळे तिशी-चाळिशीपर्यंत तिचा पत्ताही लागत नाही.

दात घासताना, घास चावताना, दुचाकीवर गालाला वारा लागताच विजेचा झटका बसावा तशी चमक येते आणि काही सेकंदांत ओसरते. बोलता बोलता माणूस थबकतो. हात गालापाशी नेतो, पण टेकवत नाही. दाढच दुखते असे समजून चांगले दात काढले जातात आणि कळ तशीच राहते. हे नुकसान टाळता येण्यासारखे आहे. बहुतेक रुग्णांत अशी कळ नसेला टेकलेल्या रक्तवाहिनीमुळे, तीही बहुधा पन्नाशीनंतर येते. म्हणून वय कमी असेल, गाल बधिर वाटत असेल किंवा त्या बाजूला ऐकू कमी येत असेल, तर एमआरआय लांबवू नये. नेहमीच्या चित्रांत ही गाठ पाण्याने भरलेल्या अरॅक्नॉइड सिस्टसारखी दिसते. पाण्याच्या कणांची हालचाल टिपणाऱ्या डिफ्युजन प्रकारच्या एमआरआय चित्रात मात्र ती ठळक पांढरी उठून दिसते.

कार्बामाझेपिन या औषधाने कळ आटोक्यात येते, गाठ जात नाही. ती काढण्यासाठी कानामागून कवटी उघडून सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया करतात. आतला लगदा सहज निघतो. तो आजूबाजूला सांडला तर मेंदूच्या आवरणांना जंतूंविना दाह होतो. खरी कसोटी गाठीच्या आवरणाची. मस्तिष्कस्तंभाला घट्ट चिकटलेला तुकडा ओढून काढण्यापेक्षा तिथेच सोडणे शहाणपणाचे. गाठ निघाल्यावर नसेवर एखादी धमनीही टेकली आहे का, हे पाहून तीही बाजूला करतात. राहिलेल्या आवरणातून गाठ पुन्हा वाढू शकते, पण त्याला बरीच वर्षे लागतात. म्हणून कळ थांबली तरी ठरावीक काळाने एमआरआय करत राहावा लागतो.