डिस्क वाकत नाही, थर बिघडतो

ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं आणि पेडलवरच्या तळव्याला ठोके जाणवतात. गॅरेजमधलं निदान ठरलेलं असतं: "डिस्क बेंड झालीय साहेब, गरम असताना पाणी उडालं असणार." डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी; ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड तिला आवळतात. नवी डिस्क बसते, थरथर जाते आणि काही हजार किलोमीटरनंतर परत येते. मग खापर डिस्क बनवणाऱ्यावर फुटतं. खरं तर पाण्याच्या शिंतोड्याने वाकण्याइतकं डिस्कचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, लेचंपेचं नसतं. बहुतेक वेळा डिस्क वाकलेलीच नसते. काय बिघडतं हे नीट समजून घेतलं, तर पॅड आणि डिस्क घरी बदलणारा माणूस हे काम घाईतल्या गॅरेजपेक्षा चांगलं करू शकतो.

आधी डिस्कवर पडणारा भार पाहू. ताशी ८० किलोमीटरने धावणाऱ्या १२०० किलोच्या गाडीची गतिज ऊर्जा सुमारे ३ लाख ज्यूल असते. थांबताना भार पुढच्या चाकांवर येतो, त्यामुळे यातली साधारण ७० टक्के ऊर्जा त्या दोन चाकांच्या वाट्याला जाते. दोन्ही डिस्क मिळून दहा किलो धरल्या, तर एकदाच थांबण्यात त्या ४५ अंशांच्या आसपास तापतात. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना हीच गाडी सव्वा किलोमीटरहून जास्त खाली येते. ही स्थितिज ऊर्जा दीड कोटी ज्यूलच्या घरात जाते, म्हणजे वरच्या हिशेबाच्या पन्नासपट! थोडी टायर आणि वारा खातात. उरलेली खालच्या गिअरमध्ये इंजिनाने झेलायची, नाहीतर पॅड आणि डिस्कने. घाटाच्या तोंडाशी नारळ फोडून किंवा चाकाखाली लिंबू चिरडून यातला एक ज्यूलही कमी होत नाही. खंडेनवमीला गाडीला हार जरूर घाला, पण त्याच दिवशी चाक काढून पॅड किती उरलेत तेही बघा.

आता या सगळ्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. शाळेत शिकलेल्या घर्षणावरून वाटतं, की पॅड लोखंडाला खरवडतो आणि गाडी थांबते. ते अर्धंच खरं आहे. पॅड तापला की त्याच्यातल्या द्रव्याचा अतिशय पातळ थर डिस्कवर चढतो आणि पुढे पॅड मुख्यतः आपल्याच या थरावर घासत राहतो. दोन्ही पृष्ठभाग सूक्ष्म ठिकाणी चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. या धरसोडीतच गतीची उष्णता होते. डिस्कही बिडाचीच असते. बिडाच्या नव्या तव्यावर तेल तापवून जसा काळा थर बसवून घ्यावा लागतो, तसाच हा थरही बसवून घ्यावा लागतो.

थर सगळीकडे सारखा असेल तर ब्रेक लोण्यासारखा लागतो. एका जागी तो जाड झाला, की दर फेरीला तो उंचवटा पॅडखालून जाताना पॅड दाबणाऱ्या पिस्टनला मागे रेटतो, ब्रेक ऑइलच्या दाबात लाट उठते आणि ती पायापर्यंत पोचते. ताशी ८० ला चाक सेकंदाला सुमारे बारा फेऱ्या घेतं, म्हणून तिची थरथर होते. त्यासाठी मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांचा फरक पुरतो. माणसाचा केस याहून कितीतरी जाड असतो. जाड जागा जास्त पकडते, म्हणून जास्त तापते, म्हणून तिथे आणखी माल चिकटतो. तापमान ७०० अंशांपलीकडे गेलं, तर बिडातला ग्राफाइटच्या रूपातला कार्बन लोखंडात विरघळू लागतो आणि थंड होताना तिथे लोह कार्बाइड, म्हणजे सिमेंटाइट, तयार होतं. ते भोवतालच्या बिडापेक्षा फार कठीण असतं. डिस्क लेथवर मारून घेतली तरी हा डाग आत खोलवर उरू शकतो. मग आजूबाजूचं मऊ बीड लवकर झिजतं आणि डाग पुन्हा वर येतो.

पण पहिला असमानपणा येतो कुठून? बऱ्याचदा हबवरून, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावरून. जुनी डिस्क काढल्यावर हबच्या तोंडावर, बोल्टांच्या मुळाशी, गंजाचे तांबूस पापुद्रे दिसतील. नवी डिस्क त्यांच्यावरच बसवली तर ती किंचित तिरकी बसते, आणि हबपाशी असलेली तफावत डिस्कच्या कडेला जवळपास दुप्पट होते. मग ब्रेक दाबलेला नसतानाही दर फेरीला तीच जागा पॅडला घासत राहते आणि हळूहळू पातळ होते. नव्या डिस्कची थरथर काही हजार किलोमीटरनंतर सुरू होते ती यामुळे. तारेच्या ब्रशने आणि एमरी पेपरने हब चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याइतकेच आवळा. कमीजास्त आवळलेले नटही डिस्कला तिरकं ओढतात.

बाकीचं काम पाना चालवता येणाऱ्याला जमण्यासारखं आहे. गाडी नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवू नका, खाली स्टँड हवाच. कॅलिपर, म्हणजे पॅड आणि पिस्टन धरणारा भाग, ब्रेक ऑइलच्या होजवर लोंबकळू न देता तारेने बांधा. धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा. भोकं पाडलेल्या 'स्पोर्ट्स' डिस्कची जाहिरात कितीही जोरात असली, तरी रोजच्या गाडीला त्या नकोत. भोकांपाशी तडे जाऊ शकतात, शिवाय उष्णता साठवणारं बीडच कमी होतं.

चाकं बसली की गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. मागे ढकललेले पिस्टन पॅडला टेकेपर्यंत पेडल तळाशी जातं आणि ब्रेक लागतच नाही. मग मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, ताशी ६० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा बेताच्या जोराने वेग उतरवा. दर वेळी मधे थोडं अंतर चालवा, पण पूर्ण थांबू नका. तापलेला पॅड एकाच जागी दाबून ठेवला तर तिथे त्याच्या आकाराचा ठसा उमटतो आणि बिघाडाला तिथूनच सुरुवात होते. नंतर दहाएक मिनिटं ब्रेक फारसा न वापरता गाडी चालवून डिस्क थंड होऊ द्या. वाटेत सिग्नल लागलाच, तर थांबल्यावर पेडलवरचा पाय काढून हँडब्रेक ओढा. बहुतेक छोट्या गाड्यांत तो मागच्या ड्रमवर लागतो, त्यामुळे पुढच्या तापलेल्या डिस्कवर पॅडचा दाब राहत नाही.