मोकेन लोकांना आकडे येत नाहीत म्हणे!

परवा फॅमिली ग्रुपवर काकांनी एक रील टाकलं. समुद्रात होड्यांवर राहणारी मोकेन नावाची जमात आहे, त्यांच्या भाषेत 'कधी'ला शब्द नाही, कुणाला स्वतःचं वय माहीत नाही, आकडेच नाहीत म्हणून टेन्शन नाही, वगैरे. 'कधी'वालं प्रकरण २००४ च्या त्सुनामीनंतर टीव्हीवर गाजलं होतं, आता त्याला आकड्यांचं शेपूट फुटलंय.

वय माहीत नसणं वेगळं आणि मोजता न येणं वेगळं. आमची आजी विचारलं की एवढंच सांगायची, पानशेतचा पूर आला तेव्हा तुझा बाप रांगत होता. पण आंबे मोजताना पाटीतला एक सुटायचा नाही तिच्या हातून.

मोकेन लोक म्यानमारच्या मेर्गुई बेटांपासून थायलंडच्या सुरिन बेटांपर्यंत पसरलेत आणि त्यांचे आकडे व्यवस्थित आहेत: दोन म्हणजे थुवा, तीन तेलॉय, चार पात, पाच लेमा, सहा नम, आठ वालॉय, नऊ चेवाय. आता यातले तेलॉय आणि वालॉय बघा, मला या दोघांनी पार येडं केलंय. मोकेन आणि तिच्या नात्यातल्या भाषांच्या मूळ पूर्वज भाषेत, जी तैवानकडून पसरली, तीन होतं 'तेलु' आणि आठ 'वालु'. मोकेनमध्ये शेवटच्या 'उ'चा 'ऑय' झाला, आणि एखाददुसऱ्या शब्दात नाही, दगड म्हणजे 'बातु' त्याचा बातॉय, केसातली ऊ म्हणजे 'कुतु' तिचा कुतॉय. भाषा नियमाने बदलते ती अशी, कुणी न ठरवता. तिकडे आफ्रिकेजवळ मादागास्करला आजही तीनला तेलु आणि आठला वालुच म्हणतात, मध्ये अख्खा हिंदी महासागर! आणि हवाई बेटांवर लिमा म्हणजे पाच आणि लिमा म्हणजेच हात, पाच बोटांचा हिशोब सरळ दिसतो.

कुणी म्हणेल शेजारच्या मलाय भाषेवरून उचलले असतील आकडे. पण मलायने स्वतःच यातले काही जुने टाकून दिले ना! तिथे तीन म्हणजे तिगा, आठ लापान, नऊ संबिलान. यातलं संबिलान म्हणजे मुळात 'एक काढून घेतलेला', दहातून एक गेला की नऊ, आणि लापानमध्ये तसेच दोन काढलेत. आपलं एकोणीस, एकोणतीस हेच करतं, विसातून एक उणा. मोकेनकडे हे वजाबाकीवाले शब्द नाहीत, पूर्वज भाषेतले जुने वालु (आठ) आणि सिवा (नऊ) हेच जरा घासून वापरात आहेत. म्हणजे उसने नाहीत, घरचे आहेत.

हे सगळं ग्रुपवर टाकलं तर काकांचा रिप्लाय आला, थुवा म्हणजे आपलं द्वि, मलायमध्ये पण दुआ आहे, बघ सगळं संस्कृतच! मलायमध्ये संस्कृत शब्द ढीगभर आहेत हे खरंय, भाषेला ते बहासा म्हणतात. पण दुआ त्यातला नाही. तैवानच्या डोंगरातल्या बुनुन भाषेत दोनला दुसा म्हणतात, जुन्या शब्दात मध्ये एक 'स' होता जो पुढे गळाला, आणि द्वि मध्ये तो 'स' कधी नव्हताच. गळाल्यावर दोन्ही सारखे दिसायला लागले, निव्वळ योगायोग.

काकांनी यावर हात जोडलेला इमोजी पाठवला आणि खाली नवीन रील, नऊ आकडा शुभ का असतो.